साडेआठाचा पाऊस

मोठ्या माणसांची चरित्रे लिहावयास लोक मिळतात. साध्या माणसांची आठवण त्यांच्या घरच्यांनीच ठेवावयाची असते. पण घरच्यांच्या आठवणीत एक दोष असतो. ती प्रेमाच्या भरात थोडे वाढवून सांगते आणि अडचणीचे तेवढे गाळते. आज ज्यांच्याविषयी आम्ही लिहिणार आहोत त्यांना ही गोष्ट मुळीच खपत नसे. म्हणूनच की काय, लेखणी उचलावयास आम्हांस दहा वर्षांहून अधिक काळ लागला. आमचे वडील धंद्याने हवामानशास्त्रज्ञ आणि हौसेने लेखक होते. आम्ही त्यांस अण्णा म्हणत असू. वहीतल्या आकड्यात कोणी अर्धा मिलिमीटर पाऊस वाढवला तर त्यांस अन्न गोड लागत नसे. उलट गोष्टीत एखाद्या बेडकाने सत्यनारायणाची पोथी वाचली तरी ते त्यास खुशाल वाचू देत. कल्पनेचे घर कोणते आणि नोंदीचे कोणते, ह्या दोहोंमधली भिंत त्यांनी जन्मभर नीट लिंपून ठेवली. त्या भिंतीला एकदा आम्ही भोक पाडले होते. ते सांगितल्यावाचून अण्णांची आठवण पुरी होणार नाही.

हवामानखात्याची मुख्य कचेरी शिमल्याहून पुण्यास आली ती १९२८ साली. शिवाजीनगरातल्या त्या मनोऱ्याच्या इमारतीला पुणेकर अजूनही 'शिमला ऑफिस' म्हणतात. हिमालयातल्या गावाचे नाव असे पुण्याच्या उन्हात उभे राहिलेले पाहून परगावच्या माणसास मौज वाटते. त्याच साली पुण्यात 'सृष्टिज्ञान' हे शास्त्रीय विषयांचे मराठी मासिक निघाले. आणि अण्णांचा जन्मही त्याच सालचा. "आम्ही तिघे एका वयाचे," असे ते म्हणत, "पैकी एकाने मला पोटाला दिले, दुसऱ्याने नादाला लावले." १९४४ साली खात्याचे मुख्य ठाणे दिल्लीस गेले, तरी बऱ्याच शाखा पुण्यातच राहिल्या. त्यांपैकी एका शाखेत, बी. एस्सी. झाल्यावर, अण्णा चिकटले आणि पेन्शनीपर्यंत तेथेच राहिले.

त्यांचे काम बाहेरून पाहणारास अगदी रुक्ष वाटावे असे होते. तालुक्यातालुक्याच्या कचेऱ्यांतून पर्जन्यमापके बसवलेली असतात. रोज सकाळी साडेआठ वाजता कोणी कारकून किंवा शिपाई जातो, नरसाळ्याखालची बाटली काढतो, तिच्यातले पाणी काचेच्या मापात ओततो आणि आदल्या चोवीस तासांचा पाऊस वहीत मांडतो. ह्या वह्यांचे तक्ते पुण्यास यावयाचे आणि त्यांतले खरे कोणते, खोटे कोणते हे अण्णांसारख्या माणसांनी निवडावयाचे. म्हणजे धान्य निवडण्याचाच हा प्रकार. पण ह्या कामाची त्यांस विलक्षण गोडी होती. ते म्हणत, "खऱ्या पावसाला शून्याची आणि पाचाची विशेष आवड नसते. ती माणसाला असते." ज्या तक्त्यात दहा, पंधरा, वीस असे गुळगुळीत आकडे फार, तो तक्ता मापाकडे न जाता खुर्चीत बसून भरलेला आहे, असे ते ओळखीत. कित्येक गावी रविवारी म्हणून पाऊस पडतच नाही आणि सोमवारी दुप्पट पडतो, असे दिसून येई. अशा गावाचा तक्ता हाती आला की ते हसून म्हणत, "येथल्या मेघराजाला सरकारी सुटी लागू झालेली दिसते."

आम्ही लहानपणी एकदा त्यांस विचारले होते की, एखाद्या आडगावच्या एका दिवसाच्या पावसात थोडे इकडे तिकडे झाले तर काय बिघडते. अण्णांनी आम्हांस अंगणात नेले, काठीने मीटरभर लांब व मीटरभर रुंद असा चौकोन आखला आणि सांगितले, "येथे एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे बरोबर एक लिटर पाणी पडले. आता हा चौकोन तालुक्याएवढा कर. मग सांग, कारकुनाने एक मिलिमीटर मनाने वाढवला तर त्याने किती तळी आकाशातून खाली ओतली?" ते गणित आम्हांस तेव्हा सुटले नाही, पण तळी मात्र डोळ्यांपुढे उभी राहिली. धरणाचा सांडवा किती रुंद ठेवावयाचा, पुलाची कमान किती उंच घ्यावयाची, हे शेवटी असल्याच वह्यांवरून ठरते, हे पुढे कळले.

त्यांच्या टेबलाशी एक चित्र टांगलेले असे, ते सर गिल्बर्ट वॉकर यांचे. १८७५ साली हवामानखाते स्थापन झाले ते दुष्काळाने होरपळलेल्या काळात. त्याचे पहिले प्रमुख ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातल्या बर्फावरून पावसाळ्याचे अनुमान बांधण्याचा परिपाठ पाडला. वॉकर हे १९०४ ते १९२४ पर्यंत खात्याचे प्रमुख होते. आले तेव्हा ते गणिती होते, हवामानशास्त्रज्ञ नव्हते. त्यांनी देशोदेशींच्या वायुभाराचे आणि पावसाचे आकडे जमवले, हिंदी कारकुनांकडून त्यांचे अवाढव्य गणित करून घेतले, आणि पॅसिफिक महासागराच्या एका बाजूस वायुभार चढला की हिंदी महासागराच्या बाजूस तो उतरतो, असा जगड्व्याळ झोका शोधून काढला. अण्णांची वॉकरांवर भक्ती होती ती दोन कारणांनी. पहिले असे की, एवढ्या मोठ्या शोधाच्या पायात हजारो अनामिक कारकुनांच्या रोजच्या नोंदी चिणलेल्या आहेत. दुसरे असे की, हा थोर गणिती बूमरँग फेकण्याचा नादिष्ट होता आणि बासरीच्या रचनेवरही त्याने विचार केला होता. "माणसाला एक नाद असावा," अण्णा म्हणत, "नाही तर त्याचे काम त्याला खाऊन टाकते."

अण्णांचा नाद लिहिण्याचा. दर रविवारी दुपारी जेवण झाले की ते सतरंजी अंथरीत, पुढ्यात उतरते मेज घेत आणि लिहावयास बसत. कागद म्हणजे रद्दीत निघालेले हवामानाचे नकाशे. त्यांच्या कोऱ्या पाठीवर ते लिहीत. त्यामुळे त्यांच्या गोष्टींच्या ओळींमागे समभाररेषांची वर्तुळे उमटलेली दिसत, आणि एखादा प्रेमप्रसंग नेमका बंगालच्या उपसागरातल्या वादळावर येई. पंचांगात पावसाच्या नक्षत्रांना वाहने दिलेली असतात — बेडूक, म्हैस, गाढव, कोल्हा, मोर. ह्या वाहनांवर त्यांनी विनोदी लेखांची एक मालाच लिहिली होती. मृगाचे वाहन गाढव असले की पाऊस का अडतो, याची गाढवाच्या तोंडून दिलेली कैफियत आईला फार आवडे. ती भाजी निवडीत ऐकत असे आणि हसून हसून तिच्या मांडीवरची मेथी खाली सांडे.

लेख छापून येत ते क्वचितच. 'साभार परत' ही चिठ्ठी आमच्या घरी पोस्टमन इतक्या नेमाने आणी की, आमच्या धाकट्या बहिणीस ते कोणा नातलगाचे नाव वाटे. अण्णा एकही चिठ्ठी टाकीत नसत. तारीखवार लावून त्यांनी त्यांचाही आलेख काढला होता, आणि दिवाळी अंकांच्या आधीच्या दोन महिन्यांत परतीचा मोसमी प्रवाह सर्वांत जोरात असतो, असा निष्कर्ष त्याखाली सुवाच्य अक्षरात लिहिला होता. आम्ही मोजले तेव्हा चिठ्ठ्या ६३ भरल्या आणि छापून आलेले लेख ११. ह्या प्रमाणाबद्दल त्यांस आम्ही कधी कुरकुरताना ऐकले नाही.

१९६१ साली आम्ही नारायण पेठेत नदीच्या बाजूस एका वाड्यात भाड्याने राहत होतो. त्या वर्षी १२ जुलैस सकाळी पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने पुढे खडकवासल्याचे धरणही गेले आणि मुठेचे पाणी पेठांतून शिरले. अण्णा कचेरीत होते. आईने देवांचे तबक, रेशनकार्ड आणि कडेवर बहीण एवढे घेतले, आमचा हात धरला आणि गर्दीबरोबर ती उंच भागाकडे निघाली. त्या रात्री अण्णा आम्हांस शोधीत ओळखीच्या एका घरी आले तेव्हा चिखलाने कमरेपर्यंत माखले होते. त्यांनी आम्हां दोघांस मोजल्यासारखे चाचपून पाहिले, आणि मग ते भिंतीला टेकून बसले ते बराच वेळ बोललेच नाहीत. अण्णांच्या तोपर्यंतच्या साऱ्या गोष्टी वाड्यातल्या ट्रंकेत होत्या, त्या पाण्याबरोबर गेल्या. आई हळहळली तेव्हा ते म्हणाले, "चांगल्या असत्या तर मला पाठ नसत्या का?" पण पुढे कित्येक रविवारी ते सतरंजीवर नुसतेच बसून राहत, हेही आम्ही पाहिले आहे.

पुरानंतर आम्ही एरंडवण्यात अंगणाच्या घरात आलो. पुढल्या वर्षी, १ जून १९६२ रोजी, अण्णांनी पदरच्या पैशाने घेतलेला पर्जन्यमापक अंगणात बसवला. त्याचा काठ जमिनीपासून ३० सेंटिमीटर असावा लागतो, आणि जवळच्या झाडापासून त्या झाडाच्या उंचीच्या निदान दुप्पट तो दूर असावा लागतो. अंगणात आईचा शेवगा होता. झाड हलावयाचे की यंत्र, यावर दोन दिवस वाद झाला. शेवटी यंत्र हलले, आणि शेवगा जसजसा वाढे तसतसे ते आणखी दोनदा कुंपणाकडे सरकले. शास्त्रज्ञाच्या घरातही अखेरचा शब्द कोणाचा असतो, हे त्यावरून आम्हांस समजले. घरी पाऊस कशाला मोजावयाचा, असे शेजारच्या काकांनी विचारले तेव्हा अण्णा एवढेच म्हणाले, "धरण का फुटले ते मोठे लोक सांगतील. माझ्या अंगणात किती पडले ते तरी मला ठाऊक असू दे."

वहीला नियम दोनच होते. मोजले ते लिहावयाचे. मोजले नाही तर 'घेतला नाही' असे लिहावयाचे. अण्णा फिरतीवर असले म्हणजे साडेआठाची नोंद आमच्याकडे असे, आणि त्या मानाने आमची छाती दोन बोटे फुगत असे.

१९६६ च्या जुलैतली गोष्ट. अण्णा आठवडाभर फिरतीवर होते, बहीण मामाकडे गेली होती, आम्ही तेरा वर्षांचे होतो. रविवारी पहाटे मित्रांबरोबर सिंहगडावर जावयाचे ठरले. शनिवारी रात्री पाऊस चांगला वाजत होता. पहाटे उठून आम्ही निघून गेलो. साडेआठ वाजले तेव्हा आम्ही गडाच्या वाटेवर होतो आणि वही डोक्यातून पार गेलेली होती. गडावर धो धो पाऊस लागला. संध्याकाळी निथळत घरी आलो, गरम भात पोटात गेला, आणि झोप लागताना आठवले की, साडेआठाचा पाऊस राहिला.

सोमवारी सकाळी बाटलीतले पाणी मापात ओतले, ते २१.६ भरले. अर्थात ते दोन दिवसांचे एकत्र होते. रविवारपुढे 'घेतला नाही' असे लिहून सोमवारपुढे बेरीज टाकली असती की संपले असते. पण ते दोन शब्द आमच्या अक्षरात अण्णांना दिसावेत, हे आम्हांस सहन होईना. तेव्हा आम्ही त्या पाण्याची वाटणी केली. रविवारी दिवसभर आम्ही भिजलो होतो, त्या अर्थी सोमवारच्या हिश्शाला जास्त पाऊस यावयास हवा, हे आमचे तर्कशास्त्र. शून्य आणि पाच यांनी चोर पकडला जातो हे तर अण्णांनीच शिकवलेले. म्हणून आम्ही रविवारपुढे ७.३ लिहिले आणि सोमवारपुढे १४.३. बापाने दिलेल्या विद्येने बापालाच फसवण्याचा हा उद्योग करताना आमचा हात कापला नाही, हे आज आठवून हात कापतो.

अण्णा बुधवारी आले. चहा घेताना त्यांनी वही उघडली, पान पाहिले, मिटली. आईने गडाची हकीकत सांगितलेली होतीच. त्यांनी आम्हांस विचारले, "काय रे, सिंहगडावर पाऊस कसा होता?" आम्ही म्हणालो, "खूप होता, अण्णा." ते म्हणाले, "असं का? चांगलं झालं." एवढेच. आम्ही मनात हुश्श केले.

त्यानंतर वर्षे गेली. अण्णा बापाचे कर्तव्य ज्या तऱ्हेने करीत ती त्यांची स्वतःची तऱ्हा होती. बहिणीस विषमज्वर झाला तेव्हा त्यांनी एकवीस दिवस दर तीन तासांनी तिचा ताप चौकटीच्या कागदावर मांडला, आणि रेघ उतरू लागली त्या रात्री तो कागद उशाखाली घेऊन ते प्रथम झोपले. आम्ही गणितात नापास झालो तेव्हा ते रागावले नाहीत. रोज रात्री जेवणानंतर आमच्याबरोबर तेच पुस्तक पहिल्या पानापासून नव्याने सोडवीत बसले, जणू त्यांनाही ते येत नव्हते.

१९७२ च्या दुष्काळात ते मराठवाड्यात फिरतीवर गेले होते. रस्त्यांवर खडी फोडणारी माणसे, सुकडीसाठी रांगेत बसलेली मुले, हे सारे पाहून ते परत आले तेव्हा दहा वर्षांनी म्हातारे झाल्यासारखे दिसत होते. एका तालुका-कचेरीत त्यांनी पावसाची वही उघडली, तर पानेच्या पाने शून्य होती. सरसकट एक रेघ ओढून मोकळे होता आले असते. पण तेथल्या कारकुनाने प्रत्येक दिवसापुढे वेगळे शून्य काढले होते आणि खाली सही केली होती. तो मनुष्य त्या साऱ्या भाजून काढणाऱ्या सकाळी साडेआठ वाजता कोरड्या बाटलीपाशी गेलेला होता. अण्णांनी त्याला उभे राहून नमस्कार केला. त्यावर त्यांनी लिहिलेला लेख छापून आला. त्यांच्या अकरांतला तोच सर्वांत चांगला, असे आम्हांस वाटते. पाऊस नसताना रोज जाऊन शून्य लिहावयास पावसापेक्षा मोठे मन लागते, असा त्याचा आशय होता.

१९८९ च्या श्रावणात आई गेली. वहीत त्या दिवसापुढे अण्णांच्या अक्षरात 'घेतला नाही' असे आहे. त्या दिवशी पाऊस होता हे आम्हां सर्वांस ठाऊक आहे. स्मशानातली लाकडे पेटत नव्हती. दुसऱ्या दिवशीपुढे एकत्र आकडा आहे आणि त्याभोवती कंस. पुढे तिसऱ्या दिवसापासून पूर्ववत. अण्णांच्या दुःखाची एवढीच लेखी नोंद आमच्यापाशी आहे. त्यांनी आईवर एक ओळही लिहिली नाही. पण गाढवाच्या त्या कैफियतीनंतर विनोदी असे काही लिहिले ते आई असेतो, नंतर नाही.

२००५ साली २६ जुलैस मुंबई बुडाली. आमची बहीण तेव्हा उपनगरात राहत होती आणि रात्रभर तिचा पत्ता नव्हता. अण्णांचे वय ७७. ते टेलिफोनपाशी खुर्ची घेऊन बसून राहिले. दुसऱ्या दिवशी ती सुखरूप असल्याचे कळले आणि मग आकडे आले. चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर, आणि त्याच शहराच्या दुसऱ्या टोकास कुलाब्याला ७५ च्याही आत. पुण्यास वर्षभरात सातशेच्या आसपास पाऊस पडतो, हे लक्षात घेतले म्हणजे त्या एका दिवसाचे स्वरूप कळते. अण्णा तो आकडा बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "कुलाब्याचा आकडा हातात धरून सांताक्रूझच्या माणसाला कोणी खोटा म्हटले असते, तर तो शहाणा दिसला असता, पण चुकला असता. म्हणून कोणाला एकदम खोटे ठरवू नये. वाट पाहावी." असे म्हणून त्यांनी आमच्याकडे पाहिले. आमचे वय तेव्हा बावन्न होते. ते पाहणे आम्हांस समजले नाही असे आम्ही आजवर मानीत आलो. खरे म्हणजे ते समजले होते. त्या क्षणी बोलणे सोपे होते. आम्ही चहा आणावयास आत गेलो.

अण्णा २०१३ साली गेले, मृग लागल्यावर. गेले त्याच्या आदल्या दिवसापर्यंतची नोंद त्यांच्या हातची आहे. अक्षर कापरे, आकडा स्पष्ट. तेरावा झाल्यावर आम्ही व बहीण माळ्यावरची ट्रंक उघडून बसलो. तीत १९६२ पासूनच्या साऱ्या वह्या वर्षवार बांधलेल्या होत्या. आम्ही १९६६ ची वही काढली. जुलैचे ते पान शोधावयास वेळ लागला नाही. ते कोठे आहे हे आमच्या बोटांस ठाऊकच होते.

आमचे दोन्ही आकडे जागच्या जागी होते. अण्णांनी ते खोडले नव्हते. मात्र दोहोंना मिळून शिसपेन्सिलीने एक कंस घातला होता आणि बाजूस बारीक अक्षरात लिहिले होते: '२१.६, दोन दिवसांचा एकत्र.' पानाशी स्वयंलेखी पर्जन्यमापकाच्या एका कागदाची हाताने काढलेली नक्कल टाचलेली होती. ह्या यंत्रात लेखणी फिरत्या कागदावर पावसाची रेघ आपण होऊन ओढीत असते. वेधशाळेच्या त्या रेघेप्रमाणे शनिवार रात्रीपासून रविवार पहाटेपर्यंत पाऊस पडला होता, आणि त्यानंतर शहरात जवळजवळ पडलाच नव्हता. रविवारी आम्ही भिजलो ते गडावर. अंगण कोरडे होते. आमच्या ओल्या कपड्यांनी आम्हांस फसवले होते आणि आम्ही वहीला.

म्हणजे अण्णांना त्या बुधवारीच नाही तरी त्या आठवड्यात कळले होते. त्यांनी वाटणी नाकारली, पण बेरीज ठेवली. बाटलीतले पाणी खरे होते आणि आम्ही ते खरेच मोजले होते. आमच्या खोट्यातले जेवढे खरे होते तेवढे त्यांनी वेचून घेतले. सत्तेचाळीस वर्षे त्यांनी हे मनात ठेवले आणि एका शब्दाने आम्हांस लाजवले नाही.

त्याच ट्रंकेत खाली, नकाशांच्या पाठीवर लिहिलेली एक गोष्ट सापडली. नाव 'कंस'. तारीख १९६६ च्या ऑगस्टची. एका तालुक्यातला कारकून पावसाचा एक आकडा मनाने भरतो. तपासणीस आलेल्या अधिकाऱ्याच्या ते ध्यानात येते, पण तो बोलत नाही. आपण विचारले तर हा मनुष्य भीतीने खरे सांगेल, आणि भीतीने सांगितलेले खरे फार दिवस टिकत नाही, असे त्याला वाटते. रात्री तो डाकबंगल्याच्या पडवीत दिवा न मालवता बसतो. शेवटी पावसातून एक कंदील हलत हलत येताना दिसतो, आणि गोष्ट संपते. तिला 'साभार परत'ची चिठ्ठी टाचलेली होती. एरवी त्या चिठ्ठ्यांवर काही लिहिलेले नसे. हिच्यावर मात्र कोणा संपादकाने शाईने लिहिले होते: 'शेवट पटत नाही. न विचारता कारकून कशाला येईल?' त्याखाली अण्णांनी पेन्सिलीने एकच शब्द लिहिला होता: 'येईल.'

बहिणीने तो कागद वाचून आमच्याकडे पाहिले. तिला काही ठाऊक नव्हते. माळ्याखालच्या त्या अर्धवट उजेडात, वयाच्या साठाव्या वर्षी, आम्ही प्रथम ती गोष्ट मोठ्याने सांगितली. ऐकावयास हवे होते ते कान नव्हते. बहीण बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "दादा, वहीत लिही."

आम्ही लिहिले. अण्णांच्या कंसाशेजारी, शाईने: 'रविवारचा पाऊस घेतला नाही. वाटणी आम्ही मनाने केली.' खाली सही केली आणि तारीख टाकली ती २०१३ ची, कारण १९६६ ची टाकली असती तर पुन्हा तोच अपराध झाला असता. तो शेवट न पटलेले संपादक कोठे असतील ते असोत. कारकून आला, पडवीतला दिवा विझल्यावर आला, एवढेच त्यांचे म्हणणे खरे ठरले.

आता वही आमच्याकडे आहे. शेवगा आईमागे काही वर्षांनी वादळात पडला. पर्जन्यमापक कुंपणापाशी आहे तेथेच आहे. उपग्रह आकाशातून ढगांची चित्रे पाठवतात आणि आमच्या नातवाच्या खिशातले यंत्र त्याला तासातासाचा पाऊस सांगते. त्याने एकदा आम्हांस विचारले, "आजोबा, सगळे त्यात दिसते, मग तुम्ही रोज बाहेर कशाला जाता?" आम्ही काठी घेतली, त्याला अंगणात नेले आणि मीटरभर लांब व मीटरभर रुंद चौकोन आखला. पुढचे सांगावयास हवे होते ते अण्णांनी. पण त्याने ऐकून घेतले. गेल्या पावसाळ्यात आम्ही तापाने पडलो होतो तेव्हा तो तीन दिवस वही सांभाळीत होता. बरे झाल्यावर आम्ही पान उघडले. दोन दिवसांचे आकडे होते. मधल्या दिवसापुढे वेड्यावाकड्या अक्षरात लिहिले होते: 'घेतला नाही. झोपलो होतो.'

आम्ही ते पान अण्णांच्या तसबिरीपुढे क्षणभर उघडे धरले, आणि मग वही जागेवर ठेवली.